मालकीचं जंगल कायमचं राखायचं असेल, तर कागदावर आणि जमिनीवर काय करावं लागतं?

केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा काढला. सहा राज्यांतलं ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे आणि महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर आहे. तेव्हापासून खाणी, क्रशर आणि मोठी बांधकामं यांवर भरपूर बोललं गेलं. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं जंगल सरकारी नाही, ते लोकांच्या सातबारावर आहे. त्यातल्या एखाद्या मालकाने झाडं लाकूड व्यापाऱ्याला विकून काजू लावायचा की जंगल तसंच ठेवायचं, हे या मसुद्याने ठरत नाही. ते मालक ठरवतो, आणि त्याच्यानंतर त्याची मुलं.

म्हणूनच गावी दहा-पंधरा एकर रान असलेली आणि स्वतः मुंबई-पुण्यात किंवा परदेशात स्थायिक झालेली माणसं हल्ली विचारतात: ‘ही जमीन एखाद्या ट्रस्टला देऊन टाकली तर ती कायम जंगल राहील का?’ राहू शकते. पण महाराष्ट्रात ते नुसत्या दानपत्राने होत नाही, आणि कागद झाला की काम संपलं असंही नाही.

लँड ट्रस्ट म्हणजे काय?

निसर्ग, शेती किंवा वारसा जपण्यासाठी जमीन स्वतःकडे घेणारी, किंवा दुसऱ्याच्या जमिनीवर बंधन ठेवून ती सांभाळणारी धर्मादाय संस्था म्हणजे लँड ट्रस्ट. १८९१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये अशी पहिली संस्था उभी राहिली आणि १८९५ मध्ये इंग्लंडचा नॅशनल ट्रस्ट आला.

या संस्था दोन प्रकारे काम करतात. पहिल्या प्रकारात त्या जमीन विकत घेतात किंवा दान म्हणून स्वीकारतात. दुसरा प्रकार आपल्याला नवा आहे. त्यात मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, पण ‘इथे प्लॉट पाडणार नाही, खाण काढणार नाही, झाडतोड करणार नाही’ असे हक्क कायमचे सोडून देतो. ते बंधन पाळलं जातंय का हे पाहण्याचा आणि मोडलं तर कोर्टात जाण्याचा अधिकार ट्रस्टला मिळतो. याला संवर्धन सुविधाधिकार म्हणतात. जमीन पुढे कितीही वेळा विकली गेली तरी बंधन तिच्यासोबत जातं. अमेरिकेत १९८१ मध्ये यासाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि बहुतेक राज्यांनी तो किंवा त्यासारखा कायदा स्वीकारला. वर करात सूटही मिळते.

मग आपल्याकडे तसाच करार का करत नाहीत?

सुविधाधिकार आपल्याकडेही आहे. शेजाऱ्याच्या शेतातून बैलगाडी नेण्याचा वाटेचा हक्क हा सुविधाधिकारच. पण १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात तो एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर मिळतो. तुमची जमीन पलीकडे आहे म्हणून तुम्हाला माझ्या जमिनीतून वाट. पुण्यात कार्यालय असलेल्या ट्रस्टची सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात स्वतःची जमीन नसेल, तर केवळ ‘निसर्गासाठी’ म्हणून त्याला असा हक्क घेता येत नाही. विकत घेणाऱ्यावर ‘अमुक करू नये’ अशी अट बांधणारी मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली तरतूदही याच चौकटीत चालते. म्हणजे अट ज्याच्या फायद्याची आहे, त्याची तिथे स्वतःची स्थावर मालमत्ता हवी.

यातून एक पळवाट नव्हे, पण वाट निघते. ट्रस्टकडे लगतचा एखादा गुंठाभर का होईना, कायदेशीर तुकडा असेल, तर त्या तुकड्याच्या लाभासाठी शेजारच्या जंगलावर नोंदणीकृत बंधन लिहून घेता येईल का, हे जमिनीची कामं करणाऱ्या वकिलाकडून तपासून घेण्यासारखं आहे. अमेरिकन करारनाम्याचं भाषांतर करून नोटरी केलेले कागद मात्र पुढच्या खरेदीदारासमोर टिकत नाहीत. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

ट्रस्टने सरळ विकत घ्यावी, हे सोपं नाही का?

शेतजमीन असेल तर नाही, आणि सातबारावरचं रान बहुतेक वेळा शेतजमीनच असतं. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ म्हणतं, की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतकरी नसलेल्याच्या नावे शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल किंवा भाडेपट्टा वैध नाही. विदर्भ आणि मराठवाड्याचे कूळकायदे वेगळे आहेत, पण आशय हाच. ट्रस्ट काही शेतकरी नव्हे. त्यामुळे ‘विकत नको, बक्षीसपत्र करू’ किंवा ‘९९ वर्षांचा पट्टा करू’ म्हटलं तरी अडथळा तोच राहतो.

‘मग मृत्युपत्रात लिहून ठेवतो’ हा पुढचा विचार असतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात निकाल दिला, की शेतकरी नसलेल्याच्या नावे मृत्युपत्राने दिलेली शेतजमीनही या बंदीतून सुटत नाही. गुजरातला लागू असलेला तो कायदा याच १९४८ च्या मुंबई कायद्याचा. तेव्हा मृत्युपत्रावर विसंबून राहू नये. परवानगी हयातीतच घ्यावी.

सगळ्यात धोक्याचा मार्ग लोक सर्रास सुचवतात: ट्रस्टच्या पैशाने जमीन घ्यायची आणि शेतकरी दाखला असलेल्या एखाद्या सदस्याच्या नावावर ठेवायची. हा बेनामी व्यवहार ठरू शकतो आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर अशी मालमत्ता सरकार जप्त करू शकतं. ती कारवाई झाली नाही, तरी तो सदस्य वारला की त्याचे वारस मालक होतात.

जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर हस्तांतरणावर निर्बंध घालणारं जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६ अ लागतं, आणि तिथे तर थांबलेलंच बरं. निसर्गाच्या नावाखाली आदिवासींच्या हातून जमीन जाणं हे कोणत्याही संवर्धनात बसत नाही. मालक आदिवासी असेल तर जमीन त्याच्याच नावावर ठेवून करार करावा.

परवानगी मिळून जमीन ट्रस्टकडे आली, तर मात्र मराठी माणसाला माहीत असलेला एक जुना कायदा उपयोगी पडतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०. त्याच्या कलम ३६ मुळे विश्वस्तांना ट्रस्टची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या मंजुरीशिवाय विकता, अदलाबदल करून देता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्यानेही देता येत नाही. हे संरक्षण मिळण्यासाठी जमीन ट्रस्टच्या नोंदवहीत चढलेली असावी लागते, आणि त्यासाठीचा बदल अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो. अनेक लहान ट्रस्ट नेमकं हेच विसरतात. सातबारावर ट्रस्टचं नाव असतं आणि धर्मादाय कार्यालयाच्या दफ्तरी त्या जमिनीचा पत्ताच नसतो.

मालकी न बदलता काय करता येतं?

सगळ्यात व्यवहार्य मार्ग संवर्धन कराराचा. मालक ठरावीक वर्षं झाडतोड न करण्याचं मान्य करतो आणि संस्था त्याबदल्यात दरवर्षी रक्कम किंवा गावाला उपयोगी पडेल असं काही देते. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर परिसरात असे करार केले आहेत. करारात गट क्रमांक, नकाशा, मुदत, काय करायचं नाही आणि (हे फार महत्त्वाचं) काय करायला मोकळीक आहे, हे लिहावं: वाळलेलं लाकूड, बेहडा-हिरडा, मध, गुरांची वाट. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. जून उजाडण्याआधी पाहणी करून त्या वर्षाचा हप्ता द्यावा, कारण तोड बहुधा दिवाळीनंतर मेअखेरपर्यंत होते. ‘जमीन विकायची झाल्यास आधी संस्थेला साठ दिवसांची लेखी सूचना’ हे कलमही घालावं. त्या अवधीत निसर्ग राखू इच्छिणारा एखादा शेतकरी खरेदीदार शोधता येतो. कराराची मर्यादा स्पष्ट आहे: तो सही करणाऱ्याला बांधतो, नव्या मालकाला नाही.

नव्या मालकालाही बांधायचं असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३६ क आहे. खासगी किंवा सामुदायिक जमिनीचा मालक स्वेच्छेने पुढे आला तर राज्य सरकार ती जमीन ‘समुदाय राखीव’ म्हणून घोषित करू शकतं. मालकी बदलत नाही. पण घोषणेनंतर जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीवरच्या राखीवाच्या समितीत मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी असतात. अमेरिकन बंधनाच्या सर्वांत जवळ जाणारी आपली तरतूद हीच. मेघालयात अशी राखीवं मोठ्या संख्येने आहेत. आपल्याकडे कोणी विचारत नाही, याचं एक कारण म्हणजे माहिती नसणं. अर्ज उपवनसंरक्षकांकडे करायचा. सोबत सगळ्या सहहिस्सेदारांची संमती, मोजणीचा नकाशा आणि वन्यजीवांची नोंद जोडायची.

तिसरा मार्ग जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ चा, म्हणजे जैवविविधता वारसा स्थळाचा. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथली २.५९ हेक्टरची जंगली जायफळाची दलदल २०२१ मध्ये अशी घोषित झाली. त्याच वर्षी आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळचं २.११ हेक्टर क्षेत्र ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ या माशासाठी घोषित झालं. क्षेत्र किती लहान असू शकतं ते यावरून दिसतं. जागा छोटी, पण काहीतरी दुर्मीळ असलेली हवी. प्रस्ताव गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत जातो.

अख्खं गाव तयार असेल तर १९६४ चा ग्रामदान कायदाही आहे. त्यात मालकी गावाच्या ग्राममंडळाकडे जाते, कसणारा कसत राहतो, पण जमीन गावाबाहेर विकता येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०१३ मध्ये हा मार्ग धरला. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी पहिला सामुदायिक भूमी ट्रस्ट उभारला, त्यामागच्या प्रेरणांपैकी एक विनोबांचं ग्रामदान होतं. गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचा विचार तिकडे गेला आणि वाढला.

आधी सातबारा नीट वाचा

कोकणातली बहुतेक प्रकरणं इथेच अडतात. एका सातबारावर वीस-तीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, वारस फेरफार झालेला नाही. चार भावांनी जंगल राखायचं ठरवलं तरी पाचव्या चुलतभावाकडून व्यापारी संमतीपत्र घेतो आणि तोड सुरू होते. म्हणून क्रम असा धरावा: आधी वारसनोंद, मग वाटप. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप होतं. नसेल तर दिवाणी दावा, ज्याला वर्षं लागतात. वाटपानंतर जंगलाचा सलग तुकडा राखू पाहणाऱ्यांच्या वाट्याला यावा, यासाठी घराजवळची किंवा रस्त्यालगतची जमीन दुसऱ्यांना सोडावी लागली तर सोडावी. हा सौदा फायद्याचाच असतो.

सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर हस्तांतरणाला परवानगी लागते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, कूळकायदा कलम ४३ ची शर्त (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय न विकण्याची) किंवा खासगी वनाचा शेरा आहे का ते पाहावं. ३० वर्षांचे फेरफार काढून वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा. मग भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज करावा आणि हद्दी दाखवणारी ‘क प्रत’ घ्यावी. मोजणीच्या दिवशी शेजारच्या सगळ्या खातेदारांना बोलवावं, खुणांचे दगड त्यांच्यासमोर पुरावेत. कोकणात जुना गडगा (दगडी बांध) म्हणजे हद्द असं धरून चालतात, आणि मोजणीत गडगा पाच-सात मीटर आत किंवा बाहेर निघतो. हे भांडण झाडं तुटण्याआधी मिटलेलं बरं.

‘जंगल वाढवलं तर वनखातं जमीन घेईल’

या भीतीपोटी दर काही वर्षांनी रान साफ करणारे मालक आहेत, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं. भीतीला आधार आहे. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने संपादन कायद्याने अनेकांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. पण तो कायदा मुख्यतः ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी जी जमीन खासगी वन ठरत होती तिच्यासाठी आहे. त्यानंतर तुमच्या मोकळ्या जमिनीवर झाडं वाढली म्हणून ती त्या कायद्याने आपोआप सरकारजमा होत नाही.

दुसरी बाब १९८० च्या वन संवर्धन कायद्याची. गोदावर्मन खटल्यातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरला, मालकी कुणाचीही असो. २०२३ च्या दुरुस्तीने ती व्याप्ती कमी केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने जुना अर्थच पुढे चालू ठेवायला सांगितला. यात मालकी जात नाही. वनेतर वापराला केंद्राची परवानगी लागू शकते, एवढंच. ज्याला जंगलच ठेवायचं आहे त्याचं यात काही अडत नाही. मात्र ‘मुलांना पुढे इथे रिसॉर्ट काढता यावा’ अशी आशा मनात असेल तर ती घरात आधीच बोलून घ्यावी.

पहिल्या वर्षीची नोंद

काही बिघडलं हे सिद्ध करायचं, तर आधी काय होतं हे लिहिलेलं हवं. अमेरिकन ट्रस्ट याला पायाभूत नोंद म्हणतात आणि ती झाल्याशिवाय सही करत नाहीत. आपणही तेवढा कडकपणा ठेवावा.

दहा एकरांसाठी आठ-दहा कायमचे फोटोबिंदू पुरतात. प्रत्येक बिंदूवर रंगवलेला दगड, मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश, आणि तिथून चारही दिशांना एकेक फोटो. डिसेंबरात एकदा, मे महिन्यात एकदा, पुढच्या वर्षी त्याच जागी त्याच महिन्यात. छातीएवढ्या उंचीवर घेर मोजून मोठ्या झाडांची यादी करावी, प्रत्येकाला क्रमांक द्यावा. झरे, वारुळं, घरट्यांची झाडं, देवाची जागा, पायवाटा नकाशावर घ्याव्यात. शेवटच्या पानावर मालक, संस्था आणि दोन शेजारी यांच्या सह्या. पुढे कोणी म्हणालं की ‘इथे झाडं नव्हतीच’, तर हे पान बोलतं. ही नोंद नसेल तर पंचनामाही लंगडा पडतो.

जंगल आपोआप वाढतं ना? मग खर्च कसला?

वाढतं, पण वणव्यातून वाचलं तर. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात, म्हणून जाळरेषा त्याआधी तयार हवी. हद्दीलगत चार ते सहा मीटर रुंदीची पट्टी डिसेंबर-जानेवारीत कापून, कापलेलं गवत पट्टीतच, सकाळी दव असताना, पाणी आणि हिरव्या फांद्या घेतलेली माणसं उभी करून जाळायचं. नेहमीची चूक त्यानंतर होते. जानेवारीत स्वच्छ केलेल्या रेषेवर फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन आणि सागाची पानं गळतात, आणि पाचोळ्यावरून आग रेषा ओलांडते. मार्चपर्यंत दर पंधरा दिवसांनी पट्टी झाडावी लागते. बऱ्याच आगी शेजारच्या काजूबागेच्या सफाईतून किंवा भातासाठी राब भाजताना (रोपांच्या जागी पालापाचोळा जाळताना) येतात. तेव्हा शेजाऱ्याशी तारीख ठरवून, त्या दिवशी आपली दोन माणसं त्याच्या मदतीला पाठवणं हा सर्वांत स्वस्त आगप्रतिबंध आहे.

रोपं लावण्याची घाई करू नये. कोकणात तोड झालेल्या रानात ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या बुंध्यांची मुळं जिवंत असतात आणि पहिल्याच पावसात फुटवे येतात. दुसऱ्या वर्षी एका बुंध्यावर जोमदार दोन-तीन फुटवे ठेवून बाकीचे कापले आणि आग-गुरांपासून पाच वर्षं जपलं, तर लावलेल्या रोपांपेक्षा हे रान लवकर उभं राहतं. कारण मुळं आधीच खोल गेलेली असतात. शंभर रोपांचे खड्डे खणण्याचा पैसा त्यापेक्षा राखणदारावर घालावा.

आणि सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठारावर, तर झाडं लावूच नयेत. जांभ्याचा सडा उन्हाळ्यात ओसाड दिसतो, पण पावसाळ्यात तिथे उथळ डबकी भरतात आणि फक्त तिथेच वाढणारी छोटी फुलझाडं येतात. ‘पडीक माळ हिरवा करू’ म्हणून जेसीबीने खड्डे काढून वरून माती टाकली, की ते सगळं एका पावसात संपतं आणि परत येत नाही. मोकळी गवताळ जमीनही जंगलाइतकीच राखण्यासारखी असते.

तणांचं काम संथ आहे. रानमोडी पावसाळ्यात, जमीन मऊ असताना, नोव्हेंबर-डिसेंबरच्या फुलोऱ्याआधी मुळासकट उपटावी. घाणेरी मात्र नुसती वरून कापली तर दुप्पट फुटते. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडून अख्खं झुडूप उलटं ठेवायचं, म्हणजे खोडाला पुन्हा मुळं फुटत नाहीत. बिया मातीत राहतातच, त्यामुळे तीन वर्षं त्याच जागी फेरी मारावी. आणि एका वर्षात सगळं रान साफ करू नये. मोकळ्या पडलेल्या जागी पुन्हा तणच येतं, म्हणून देशी रोपं वर येतील तेवढाच तुकडा दरवर्षी घ्यावा.

गावाला यातून काय?

हा आक्षेप रास्त आहे. तुमचा सातबारा असला तरी त्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या कुणाची तरी पाण्याची वाट गेली आहे, कुणी मोळी आणतं, कुणी शिमग्याला होळीचं झाड नेतं. पहिल्या दिवशी तारेचं कुंपण घातलं की दुसऱ्या उन्हाळ्यात आग लागते, आणि ती कोणी लावली ते कधीच कळत नाही. म्हणून आधी वाडीत बसून या वहिवाटी लिहून घ्याव्यात, ज्या चालू ठेवायच्या त्या करारात किंवा ट्रस्टच्या ठरावात याव्यात. होळीचं झाड कोणतं, हे मानकऱ्यांशी बोलून दरवर्षी ठरवता येतं. राखणदार त्याच वाडीतला असावा, त्याला मजुरी वेळेवर मिळावी. शिकार आणि तोडीची पहिली बातमी त्यालाच लागते.

पैसा कुठून आणि किती?

जमीन दान दिली आणि देखभालीचा निधी दिला नाही, तर ते दावणीला गाय बांधून चाऱ्याची सोय न करण्यासारखं आहे. हिशेब साधा आहे. समजा दहा एकरांसाठी चार महिन्यांचा राखणदार, जाळरेषा, तणकाम, प्रवास, हिशेबतपासणी आणि कधीमधी वकील मिळून वर्षाला दीड लाख रुपये लागतात. महागाई वजा जाता गुंतवणुकीतून तीन टक्के सुटतात असं धरलं, तर दीड लाखासाठी पन्नास लाखांचा कायम निधी हवा. दोनच टक्के सुटले तर पंचाहत्तर लाख. आकडा ऐकून धक्का बसतो, पण तो जमीन घेण्याआधी बसावा. एवढी रक्कम शक्य नसेल तर शेजारच्या चार-पाच जंगलमालकांनी एकत्र यावं. राखणदार, वकील, हिशेबतपासनीस यांचा खर्च एकरी झपाट्याने उतरतो.

देणगीदाराकडून ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी पत्र घ्यावं. ते नसेल तर रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि करमाफीसाठी उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च करावे लागतात. देणगीवरची आयकर सवलत पैशाच्या देणगीला आहे. जमीन दान दिली म्हणून ती मिळत नाही, ही गोष्ट दात्याला आधीच सांगावी. कार्बन क्रेडिटच्या (जंगलाने साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशाच्या) आशेवर दहा एकरांचं अंदाजपत्रक बांधू नये. जे जंगल आधीपासून उभं आहे आणि ज्याला धोका सिद्ध करता येत नाही, त्याला क्रेडिट मिळणं कठीण असतं. मोजमाप-तपासणीचा खर्च लहान क्षेत्राला परवडत नाही, तो वेगळाच.

आणि ट्रस्टच बंद पडला तर?

हे होतंच. स्थापना करणारे पाच जण साठीचे असतात, वीस वर्षांनी बैठकीला कोणी उरत नाही. म्हणून विश्वस्तपत्रात सुरुवातीलाच लिहावं, की विसर्जन झाल्यास जमीन समान उद्देशाच्या नोंदणीकृत संस्थेकडेच जाईल. शक्यतो अशा संस्थेचं संमतीपत्र आजच घेऊन ठेवावं. मूळ उद्देश पूर्ण करणं अशक्य झालं तर त्याच्या जवळच्या उद्देशासाठी मालमत्ता वापरण्याचा आदेश मिळवण्याची सोय १९५० च्या कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे, पण ती शेवटची पायरी. दोन विश्वस्त तरी चाळिशीच्या आतले असावेत, एक त्याच गावचा असावा. मूळ दस्त, क प्रत, पायाभूत नोंद आणि दरवर्षीचे फोटो यांचे दोन संच करावेत: एक संस्थेच्या कार्यालयात, दुसरा गावातल्या विश्वस्ताच्या घरी, पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा पत्र्याच्या पेटीत.